दोन गोळ्या पायात घेऊन

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडजवळच्या ज्या मैदानाला सगळे शहर 'गोल्फ क्लब' म्हणते, तेथे मी आजवर कुणाला गोल्फ खेळताना पाहिलेले नाही. पहाटेपासून कडेने चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते, मधल्या हिरवळीवर क्रिकेट चालते, आणि महाराष्ट्राचा रणजी सामना नाशिकच्या वाट्याला आला की एरवी दोन फेऱ्या मारून घरी जाणारे आजोबा त्या चार दिवसांत डबा घेऊनच येतात. मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. रिक्षावाल्याला मात्र 'गोल्फ क्लब' असेच सांगावे लागते. एका जागेला ही दोन नावे कशी चिकटली असतील, याचा विचार मी अनेक वर्षे केला नव्हता. तो करायला लावणारा माणूस रावळपिंडीचा होता, त्याचा नाशिकशी काही संबंध नव्हता, आणि तो मला भेटला तो मी बाबांना याच मैदानावर रणजी सामना पाहायला घेऊन गेले होते त्या दिवशी.

माझे बाबा 'मिग'ला होते. नाशिककरांना यापुढे काही सांगावे लागत नाही. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला आणि त्या विमानाचे नावच गावाला, बसथांब्याला आणि नोकरीलाही लागले. इंजिने कोरापूटहून येत, विमानाचा सांगाडा ओझरला उभा राही, आणि त्या सांगाड्याच्या जोडणीत बाबांनी तीस वर्षांहून अधिक काळ फिटर म्हणून काम केले. विमान आकाशात गेले की आम्ही पोरे वर बघत असू आणि बाबा मान खाली घालून आवाज ऐकत असत. वैमानिकांविषयी त्यांना आदर होता, पण त्यांच्या गोष्टी ते सांगत नसत. त्यांच्या गोष्टी रिव्हेटच्या, पत्र्याच्या, तड्यांच्या असत. टाउनशिपच्या संघातून ते यष्टिरक्षणही करीत, आणि आज ऐंशी ओलांडल्यावरही एखाद्या यष्टिरक्षकाचे पाय चुकीचे पडले की त्यांच्या तोंडून हळहळ निघते.

त्या दिवशी चहापानाच्या वेळी बाबांनी सहज विचारले की, ज्यांचे नाव या स्पर्धेला आहे ते रणजी इंग्लंडात कोणत्या संघाकडून खेळत. ससेक्स, हे मला माहीत होते. पण घरी येऊन मी ससेक्सकडून खेळलेल्या भारतीयांविषयी वाचू लागले तेव्हा रणजी आणि दुलीप या दोन काका-पुतण्यांच्या मधल्या काळात एक अनोळखी नाव दिसले: हरदितसिंग मलिक. १९१४च्या हंगामात ते ससेक्सकडून खेळले आणि मग थेट १९२१ साली पुन्हा खेळले. या दोन हंगामांमधली सात वर्षे ते कुठे होते, हे शोधता शोधता माझा तो सबंध पावसाळा गेला.

मलिक यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८९४चा, रावळपिंडीतल्या सधन शीख घराण्यातला. चौदाव्या वर्षी ते शिकायला इंग्लंडला गेले, ईस्टबोर्नच्या शाळेत राहिले आणि १९१२ साली ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात दाखल झाले. क्रिकेट तर ते खेळतच, पण गोल्फमध्येही इतके तरबेज झाले की पुढे विद्यापीठाकडून खेळणाऱ्याला मिळणारा 'ब्लू' हा मान त्यांना त्या खेळात मिळाला. दाढी आणि पगडी राखून इंग्रजी शाळेत वाढणे त्या काळात काय असेल, याची मला कल्पना करता येते, कारण वेगळे दिसणाऱ्या मुलाला शाळा कसे वागवते हे मी शिक्षिका म्हणून रोज पाहते. अशा मुलाला मैदान हाच आधार असतो. बॅट नीट लागली की वर्गातली कुजबुज थांबते. मलिक यांच्या पुढच्या सगळ्या वागण्याचे मूळ मला तिथे दिसते: अकरांत जागा मिळाली की ती पूर्ण मिळाली, तिच्यात अर्धेपाव काही नसते, हा धडा खेळाने त्यांच्या अंगात मुरवला असावा.

१९१४च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बरोबर शिकणारी, बरोबर खेळणारी मुले एकामागून एक सैन्यात भरती होऊ लागली. मलिक यांनाही जायचे होते. परंतु भारतीयाला राजाच्या सनदेचा अधिकारी करण्याची पद्धतच नव्हती. त्या सनदा भारतीयांना देण्याचा निर्णय ऑगस्ट १९१७मध्ये झाला आणि तोही पहिल्या खेपेस केवळ नऊ जणांसाठी. ज्यांच्यासोबत त्यांनी डाव मांडले, त्यांच्या बरोबरीने ते रणांगणावर उभे राहू शकत नव्हते. १९१६ साली त्यांनी फ्रेंच रेड क्रॉसमध्ये जखमींची गाडी चालवण्याचे काम धरले. तिथे असतानाच फ्रेंच हवाई दल आपल्याला घ्यायला तयार होईल, असे त्यांच्या ध्यानात आले आणि ही गोष्ट त्यांनी बॅलिओलमधले आपले गुरू फ्रान्सिस अर्कहार्ट यांना कळवली. अर्कहार्ट यांनी रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश लष्कराच्या विमानदलाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिले. ब्रिटिश प्रजाजनाला फ्रेंच घेतात आणि आपण नाकारतो, ही लाजिरवाणी बाब आहे, असा त्या पत्राचा आशय होता. एप्रिल १९१७मध्ये मलिक यांना प्रवेश मिळाला.

या पत्राशी मी पुष्कळ थांबले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्यासाठी वजन खर्च केले आणि दार उघडले, ही गोष्ट मला माझ्या पेशामुळे जवळची वाटते. तरी दार उघडल्यावर पगडी उतरवायची नाही, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्या विद्यार्थ्याचा होता. उघड्या कॉकपिटमध्ये कातडी टोपी घालावीच लागे. मलिक यांनी पगडीवरून बसेल अशी मोठ्या मापाची टोपी खास शिवून घेतली. सहकारी त्या अवजड डोक्याला पाहून त्यांना नाना नावे ठेवीत, आणि ते तीच टोपी घालून उडत.

त्या काळी वैमानिक निवडताना उमेदवाराला घोड्यावर बसता येते का, कोणते खेळ खेळतो, हे आवर्जून विचारीत. कारण समजायला सोपे आहे. यंत्राचे ज्ञान चार आठवड्यांत शिकवता येई, पण हाताचा हलकेपणा शिकवता येत नसे. मलिक यांच्या वाट्याला आलेले सॉपविथ कॅमल हे विमान तर हलका हात नसलेल्याला ठारच मारी. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून रोगण दिलेले लिननचे कापड, नाकाशी दोन मशीनगन, आणि वैमानिक, बंदुका, इंधन, इंजिन हे सगळे पुढच्या सात-आठ फुटांत दाटीवाटीने बसवलेले. इंजिन होते रोटरी, म्हणजे पंख्यासोबत सिलिंडरांचा सबंध गोळाच गरगर फिरे. भोवरा जसा आपली दिशा सोडायला तयार नसतो आणि ढकलले तर भलतीकडेच कलतो, तसा त्या फिरत्या वजनाचा जोर विमानाला ओढी. उजवीकडे ते विजेसारखे वळे आणि नाक खाली घाली. डावीकडे जड वळे आणि नाक वर उचली. काही वैमानिक डावीकडे जायचे असले तरी तीन-चतुर्थांश फेरी उजवीकडून मारून येत. ज्यांना हे साधले त्यांच्या पाठीवर शत्रूला येता येत नसे; ज्यांना साधले नाही असे कितीतरी शिकाऊ तरुण जर्मन विमान दृष्टीस पडण्याआधीच जमिनीवर आपटून गेले.

बाबांना मी हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, "वंगण कोणतं वापरायचे?" मी सांगितले, एरंडेल. त्यांना ते खरेच वाटेना. पण खरोखरच त्या इंजिनांना एरंडेल तेल लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नसे. आणि न जळलेल्या तेलाचे तुषार मागे वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर, मफलरवर सतत उडत. आमच्या आजीने सक्तीने पाजलेले एक चमचा एरंडेल ज्याला आठवते, त्याने दहा-पंधरा हजार फुटांवरच्या थंडीत दोन दोन तास त्याचा धूर श्वासात घेण्याची कल्पना करावी. मलिक यांना तर पुढे या तेलाची ॲलर्जीच झाली आणि कॅमल सोडावे लागले. अंगावर पॅराशूट नसे. फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना ते देत. विमानातल्यांना ब्रिटिशांनी ते युद्ध संपेपर्यंत दिले नाही.

ऑक्टोबर १९१७मध्ये मलिक २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर आघाडीवर पोहोचले. खाली बेल्जियममधल्या पाशेंडेलची लढाई चिखलात रुतलेली होती. त्यांच्या तुकडीचा म्होरक्या होता विल्यम बार्कर नावाचा कॅनडाचा तरुण. पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा, पन्नास विमाने पाडणारा आणि युद्धानंतर टोरंटोच्या मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा पहिला अध्यक्ष होणारा हा माणूस मलिक यांच्याच वयाचा होता. २६ ऑक्टोबरला हवा खराब असूनही बार्करने आपली छोटी तुकडी शत्रूच्या हद्दीत आत नेली आणि पलीकडच्या जर्मन विमानांच्या मोठ्या थव्याने त्यांना गाठले. झुंजीत सगळे विखुरले गेले. मलिक यांच्या विमानावर मागून गोळीबार झाला. कॅमलची इंधनाची टाकी वैमानिकाच्या पाठीशीच असे, तिच्यातून पार होऊन गोळी पायात घुसली. टाकी पेटली नाही. ती का पेटली नाही, याचे उत्तर नशिबाखेरीज कोणाजवळ नाही. टाकीने गोळीचा जोर खाल्ला असावा, नाहीतर पायही गेला असता.

त्यानंतर जे झाले ते मी अनेकदा वाचले आणि दर वेळी माझे हात थंड पडले. जखमी पाय, पंपाने दाब मिळणे बंद झालेले इंधन, खाली शत्रूचा मुलूख आणि मागे चार जर्मन विमाने. मलिक स्वतः सांगत की, जमिनीला जवळजवळ चिकटून ते चाळीस मैल उडत राहिले आणि त्या चौघांनी आळीपाळीने मागून गोळ्या झाडल्या. इतक्या खाली उडणाऱ्या विमानाला वळायला जागा नसते, सूर मारून वेग घ्यायला उंची नसते. उरते ते फक्त डावीउजवीकडे सतत हलत राहणे, नेम धरणाऱ्याचा अंदाज दर क्षणी चुकवणे. क्रिकेटच्या भाषेत त्याला काय म्हणावे, हे मी शोधू पाहिले आणि सोडून दिले. तिथे चुकलेल्या चेंडूनंतर दुसरा डाव नव्हता. शेवटी दोस्तांच्या हद्दीत पोहोचल्यावर रक्त गेल्याने त्यांची शुद्ध हरपली आणि विमान कोसळले. विमानात चारशेहून अधिक गोळ्यांची भोके होती. पायात दोन गोळ्या होत्या, आणि डॉक्टरांना त्या काढता आल्या नाहीत.

ते बरे झाले आणि पुन्हा उडाले. एरंडेलाच्या त्रासामुळे त्यांना इंग्लंडला परत पाठवून बिगिन हिल येथे ब्रिस्टल फायटर विमानांवर नेमले. या विमानाला पाण्याने थंड होणारे रोल्स-रॉइस इंजिन होते आणि त्याला एरंडेल लागत नसे.

त्या युद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांतून उडालेल्या भारतीयांपैकी चौघांची नावे नेहमी एकत्र घेतली जातात. मलिक एक. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय दुसरा. जुलै १९१८मध्ये त्याने दोन आठवड्यांत दहा विमाने पाडली आणि २२ जुलैला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो स्वतः पडला. एरोल चंदर सेन जर्मनांच्या कैदेत गेला. आणि चौथा मुंबईचा, केंब्रिजला शिकलेला श्रीकृष्ण वेलिणकर. सॉपविथ डॉल्फिन घेऊन उडालेल्या वेलिणकरला २७ जून १९१८ रोजी पाडण्यात आले आणि ३० जूनला तो जखमांनी गेला. फ्रान्समधल्या हँगार्डच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. वेलिणकर हे आपले नाव आहे. शालेय जीवनात, विद्यार्थी म्हणून आणि नंतर शिक्षिका म्हणून, मी ते एकदाही ऐकले नव्हते, आणि याचे मला फार वाईट वाटते.

ते न ऐकण्याचे कारणही उघड आहे, आणि इथे मला मैदानाच्या दुसऱ्या नावाकडे वळावे लागते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, प्रयोगाच्या रात्री, जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासोबत फाशी दिले. त्याच काळात, त्याच्यापेक्षा तीनएक वर्षांनी लहान असलेला मलिक इंग्रजी शाळेच्या मैदानावर क्रिकेट शिकत होता. एकाच पिढीतला एक मुलगा ज्या सत्तेवर गोळी झाडतो, तिच्याच गणवेशासाठी दुसरा अर्ज करतो. नाशिकमध्ये वाढलेल्या कोणाच्याही मनात मलिकविषयी पहिला शब्द येईल तो 'राजनिष्ठ', आणि माझ्याही आला. वाचत गेले तसा तो शब्द मला अपुरा वाटू लागला. साम्राज्याची चाकरी करायची असती तर भारतीयांसाठी राखून ठेवलेल्या दुय्यम जागा कमी नव्हत्या. मलिक यांनी मागितली ती बरोबरीची जागा होती, आणि ती मिळत नाही म्हटल्यावर दुसऱ्या देशाच्या सैन्यात जायची तयारी ठेवून मागितली होती. तरीही कान्हेरेचे नाव मैदानाला आहे, हे मला योग्यच वाटते. मलिक जिवंत परतले, कान्हेरेने परतण्याची सोयच ठेवली नव्हती.

मलिक यांना जे मिळाले ते त्यांच्यानंतरच्यांना लगेच मिळाले नाही. युद्ध संपताच भारतीयांसाठी हवाई दलाची दारे पुन्हा बंद झाली. भारतीय हवाई दल स्थापन व्हायला ८ ऑक्टोबर १९३२ उजाडावे लागले. मलिक नागरी सेवेत गेले, व्यापार आयुक्त म्हणून परदेशी राहिले, १९४४ ते १९४७ या काळात पतियाळा संस्थानाचे पंतप्रधान होते. फाळणीत त्यांची रावळपिंडी सीमेपलीकडे गेली. स्वतंत्र भारताने त्यांना कॅनडात उच्चायुक्त म्हणून पाठवले आणि १९४९ ते १९५६ ते पॅरिसमध्ये राजदूत होते. चंद्रनगर आणि पुदुच्चेरी फ्रेंचांकडून परत आले ती हीच वर्षे. ज्या फ्रान्सच्या रस्त्यांवर त्यांनी जखमींची गाडी चालवली होती, तिथेच त्यांच्या गाडीवर आता तिरंगा होता.

मला मात्र त्या राजदूतापेक्षा १९२१चा फलंदाज अधिक दिसतो. सव्वीस वर्षांचा, पगडी बांधलेला, पायात न निघालेल्या दोन गोळ्या घेऊन ससेक्ससाठी मैदानात उतरलेला. त्याच्यासोबत १९१४ साली इंग्लंडच्या मैदानांवर खेळलेले कितीतरी जण परतले नव्हते. चोरटी धाव घेताना त्याचा पाय दुखत असेल का, थंडीच्या दिवशी गोल्फचा फटका मारण्यासाठी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकताना आतले ते शिसे जाणवत असेल का, असे प्रश्न मनात येतात. गोल्फ त्यांनी पुढे सारा जन्म खेळला. ३१ ऑक्टोबर १९८५ रोजी, नव्वदी गाठून ते गेले तेव्हा त्या गोळ्या त्यांच्यासोबत अडुसष्ट वर्षे राहिल्या होत्या.

सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला तो कार्यक्रम बाबांनी टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला. विमाने दिसेनाशी झाल्यावरही ते आवाज मोठा करून ऐकत राहिले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही पुन्हा गोल्फ क्लबवर गेलो. बाबांना आता दोन फेऱ्या होत नाहीत. एक झाली की ते बाकावर बसतात. समोर मुले नेटमध्ये सराव करीत होती. मी बाबांना मलिकची सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, बार्करसह, वेलिणकरसह, पगडीवरच्या टोपीसह. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चारशे भोकांपाशी मला थांबवले.

"कापडाला भोक पडून काही होत नाही," ते म्हणाले. "वारा येतो आणि जातो. स्पार, म्हणजे पंखातला मुख्य दांडा, तुटायला नको, कंट्रोलची तार तुटायला नको, आणि माणूस शुद्धीवर हवा. म्हणजे चारशेतल्या एकाही गोळीनं स्पार धरला नाही." मग बराच वेळ ते नेटकडे पाहत राहिले. मला वाटले, विषय संपला.

"पण चारशे हा आकडा आला कुठून?" त्यांनी विचारले. "तो तर बेशुद्ध होता. म्हणजे त्याला इस्पितळात नेल्यावर त्या मोडक्या विमानापाशी कुणीतरी उभं राहिलं असणार, आणि खडू घेऊन एकेक भोक मोजलं असणार." त्यांनी हवेतच बोटाने चार-पाच खुणा केल्या, जणू समोर पंख आहे. "फिटरच असणार तो."

उठताना त्यांनी माझा हात धरला, आणि आम्ही फाटकाकडे चालू लागलो.